हळू म्हणजे ढिलं नव्हं

आक्कांची आणि माझी शेवटची भेट रविवारी दुपारी झाली, घाटनांदूरला, त्यांच्याच घरच्या पुढच्या खोलीत. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई कमल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि आमच्या विहारातल्या महिला गायन मंडळात ढोलकी वाजवणाऱ्या. मी त्याच मंडळात पेटी वाजवते. परळीला त्यांच्या नातीच्या, प्रज्ञाच्या, लेकीचं नामकरण ठरलं होतं आणि त्यासाठी आमचं पाळणा बसवणं चाललं होतं. दुसऱ्या कडव्यात आक्कांनी ढोलकीवरचा हात उचलला. बाकीच्या तिथंच थांबल्या, मी मात्र ओळ पुरी करूनच थांबले. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणं मला जमत नाही. आक्कांनी माझी ओळ संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "वंदे, पेटी वाजवायलीस का यष्टी चालवायलीस? पाशिंजर हात करायलेत तरी तू आपली पुढंच!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी जरा गंभीर होऊन सांगितलं, "तुमी समद्या हळू वाजवायलात ते माज्या हाताकडं बघून. माजा हात खाली गेला की तुमचा आवाज खाली. हात न्हाई दिसला की परत ठणठणाट. हे काय तुमचं शिकणं न्हाई, हे नुसतं बघणं हाय." आणि त्यांनी आम्हाला भिंतीकडं तोंड करून बसवलं. चार-सहा संसारी बायका, वर्गाबाहेर काढल्यासारख्या भिंतीकडं तोंड करून पाळणा म्हणतायत... पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात, जिथं आई लेकराला म्हणते की बाहेर ऊन आहे, तू सावलीत झोप, तिथं आवाज अगदी खाली यायला हवा होता. तिथंच आमचा आवाज तापलेल्या दुधासारखा वर आला आणि उतू गेला. मागून आक्कांचं हसणं ऐकू आलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. "ऱ्हाऊ द्या. येत्या रविवारी परत भित्तीकडं तोंड," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

तो रविवार आला नाही. मंगळवारी दुपारी मी अंबाजोगाईला ऑफिसात होते, टपालाची नोंद करत होते. आमच्या भाऊजींचा, म्हणजे आक्कांच्या यजमानांचा फोन आला. जेवण करून त्या आडव्या झाल्या होत्या. हृदयाचा त्रास होताच, वर्षभर गोळ्या चालू होत्या. भाऊजी एवढंच म्हणाले, "वंदना, ये. कमल उठंना." मी टेबल आवरलं, किल्ल्या शेजारच्या बाईंकडं दिल्या आणि बसस्टँडला गेले. रस्त्यात मी कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी मनात करत होते. नावांची यादी करत असलं की माणूस रडत नाही, हा माझा अनुभव आहे. आठ-दहा नावं झाली आणि आमच्या मंडळात गाणाऱ्या मंगलचं नाव आलं, तेव्हा मात्र यादी पुढं सरकेना.

लग्न करून मी या घरात आले तेव्हा मला पेटी येत होती. माहेरी बीडला रीतसर शिकले होते, परीक्षाही दिल्या होत्या. नवी सून पेटी वाजवते म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात मला बसवलं. मी एक भजन वाजवलं, स्वच्छ, एकही सूर इकडचा तिकडं नाही. सासूबाई खूश, शेजारीपाजारी खूश. आक्का भांडी आवरत ऐकत होत्या. रात्रीच्या भाकरी करताना मीच न राहवून विचारलं, "आक्का, कसं झालं?" त्या म्हणाल्या, "एकबी चूक न्हाई." मी सुखावले. मग भाकर उलटत म्हणाल्या, "पण मला काई झालं न्हाई गं." मला राग आला, तो मी दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी बाजाराला जाताना मी सामानाची यादी मोठ्यानं वाचून दाखवत होते. मीठ, मिरची, तेल, साबण, काडीपेटी... आक्का मध्येच म्हणाल्या, "बग, हे अस्संच वाजवतीस तू. मिठालाबी तोच आवाज अन् काडीपेटीलाबी तोच." मी म्हटलं, मग यादी कशी वाचतात? त्या म्हणाल्या, "यादी अशीच वाचायची. गाणं यादी न्हाई. आता हे बग, अंगणात लेकरू खेळायलंय, तू म्हणतीस, 'इकडं ये.' तेच लेकरू चुलीजवळ गेलं, तू म्हणतीस, 'इकडं ये!' शबुद तेच, तोंड तेच. मग लेकराला फरक कशानं कळतो?" त्याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण पेटीत ते कुठून आणायचं, हे मला पुढची कित्येक वर्षं कळायचं होतं.

पेटीत ते भात्यातून येतं. बोटं सूर धरतात, पण आवाज लहान-मोठा करतो तो डावा हात. माझा डावा हात पंप मारल्यासारखा चालायचा, एकसारखा. आक्का म्हणायच्या की भाता म्हणजे पेटीचा श्वास आहे आणि घाबरलेलं माणूस, झोपलेलं माणूस, पळत आलेलं माणूस एकसारखा श्वास घेतं का? त्यांच्या स्वतःच्या ढोलकीत हे सगळं होतं. ढोलकी त्या त्यांच्या वडिलांकडून शिकल्या. वडील परळीला मजुरी करायचे आणि संध्याकाळी वस्तीत गायन पार्टी चालवायचे. आक्का सांगायच्या की वडील आधी बोटांची टोकं वाजवायला शिकवत, थाप फार उशिरा. थाप कुणालाही येते, ती राग आला की आपोआप येते, असं ते म्हणत. शाळेतही आक्कांचा हाच रिवाज होता. पोरांनी गोंधळ केला की बाकीचे गुरुजी टेबलावर पट्टी आपटत. आक्का आपला आवाज खाली आणत. गोष्ट चालूच ठेवत, पण इतकी हळू की पुढच्या ओळीतली पोरं मागच्यांना म्हणायची, "गप बे, ऐकू येईना!" मंगल त्या मागच्या ओळीत बसायची. ती आक्कांची दुसरीतली विद्यार्थिनी, आता आमच्या मंडळाची मुख्य गायिका. मंगल शेतात कामाला जाते आणि तिचा गळा असा आहे की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली माणसं भाकर सोडून उठतात. आक्कांना ती अजून "बाई" म्हणायची आणि त्यांच्याशी भांडायचीही, मोकळेपणानं. "बाई, निसर्गानं मला गळा दिलाय तो काय कुजबुजायला?" त्यावर आक्का म्हणायच्या, "तुला निसर्गानं हातबी दिलेत. मग दिवसभर खुरपतीस का? कवा तरी लेकराच्या तोंडावरून फिरवतीसच ना?"

आमच्या मंडळाचं खरं वळण एका नामकरणाला आलं, आमच्याच गल्लीत. तोवर आम्ही सगळीकडं मोठ्ठ्या आवाजात म्हणत होतो. बबन साउंडवाल्याचे बॉक्स लावलेले असायचे, कपाटाएवढे, आणि त्यातून मंगलचा आवाज निघाला की पत्रे हादरायचे. लोक खूश व्हायचे, आम्हीही. त्या दिवशी मांडवात पाळणा बांधलेला, त्यात बाळ गाढ झोपलेलं. आम्ही पाळणा सुरू केला. पहिल्या ओळीला बाळ दचकलं, दुसऱ्या ओळीला त्यानं जो टाहो फोडला तो थेट आमच्या माईकमध्ये शिरला आणि बबनच्या बॉक्समधून गावभर झाला. मंगलला वाटलं की बाळापेक्षा आपला आवाज कमी पडतोय, म्हणून तिनं आणखी वर नेला. बाळानंही वर नेला. आक्कांनी ढोलकी थांबवली. सुरू असलेलं गाणं थांबवणं आमच्यात अपशकुन नसला तरी फजिती समजतात. त्या उठल्या, बाळाच्या आईला म्हणाल्या, "घे गं त्याला, माफ कर आमाला," आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "झोपलेलं लेकरू उठवणारा पाळणा बसवला आपण. शाबास." मग त्यांनी बबनला बॉक्स बंद करायला लावले. बबन म्हणाला, "मावशे, मागं ऐकू जाणार न्हाई." त्या म्हणाल्या, "मग मागच्यांना पाय हायेत." आम्ही माईकशिवाय परत सुरू केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज! आवाज!" आक्कांनी मान वर न करता हातानं पुढं या अशी खूण केली आणि बोटांच्या टोकांनी वाजवत राहिल्या. हळूहळू खुर्च्या सरकल्या. माणसं उठून पुढं आली, खाली सतरंजीवर बसली. गप्पा बंद झाल्या. बाळ झोपलं की नाही ते मला आठवत नाही. मला आठवतं की त्या दिवशी मी पहिल्यांदा आमचे शब्द ऐकले. मंगल मात्र घरी जाताना फणकारली होती. "लोकांनी सुपारी दिलती ती आवाजासाठी. उद्या कुणी बोलावणार न्हाई, मग बसा कुजबुजत." तिचं अगदीच खोटं नव्हतं. पुढची एक-दोन बोलावणी आमची गेली.

त्यानंतर आक्कांनी आमच्या तालमी सुरू केल्या, रविवारी दुपारी. कार्यक्रमांच्या तारखा आणि गाण्यांचा क्रम माझ्याकडं असायचा. तालीम मात्र आक्कांच्या मर्जीनं चाले. पडद्यामागच्या खोलीत भाऊजी झोपलेले असत आणि अट अशी की ते उठता कामा नयेत, पण उठल्यावर त्यांना शब्द विचारले तर सांगता आले पाहिजेत. ही अट अशक्य आहे, हे मी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं. आक्का म्हणाल्या, "अशक्य हाय म्हणूनच अट हाय." आणि त्या अटीनं आम्हाला एक गोष्ट शिकवली, जी मी आता नव्या बायकांना पहिल्यांदा सांगते. आवाज कमी करायला गेलं की आपली लयही मंदावते. आपल्याला वाटतं आपण हळुवार झालो, प्रत्यक्षात आपण सुस्त झालेलो असतो. सूर खाली लोंबतो, शब्दाचा शेवट गिळला जातो. आक्का लगेच पकडायच्या. "हळू म्हणजे ढिलं नव्हं! पाण्यानं भरलेली घागर उतरवायलीस असं धर. जोरात आपटायला काय लागतंय? हळू ठेवायला दंडात ताकद लागती." खरंच, तालमीनंतर माझा डावा हात भरून यायचा, जो पूर्वी तासभर पंप मारूनही भरला नव्हता.

त्यांना मोठ्या आवाजाचं वावडं होतं असं मात्र कुणी समजू नये. जयंतीच्या कार्यक्रमात एका गाण्याच्या शेवटी त्यांची थाप अशी पडायची की चौकातली दुकानं हलावीत. फक्त ती राखून ठेवलेली असायची. "पयल्याच वाढपाला समदी भाजी संपवली तर शेवटच्या पंगतीला काय वाढणार, मंगल, तुजा गळा?" असं त्या म्हणायच्या. आणि त्या थापेआधी त्या एक जागा मोकळी सोडायच्या. काहीच नाही. ढोलकी नाही, पेटी नाही... सगळा चौक श्वास धरून बसलेला. मग एकदम सगळं. माणसं जागेवरून उठायची. एकदा मी त्या मोकळ्या जागेत चुकून एक सूर वाजवला. कार्यक्रम संपल्यावर आक्का चहाचा रिकामा कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "घे, ह्योबी भर. तुला रिकामं काई बघवत न्हाई." मंगल हे अजून सगळ्यांना सांगते.

मागच्या वर्षी त्यांना छातीत दुखलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी श्रम करू नका म्हणून बजावलं, आक्कांनी ढोलकीचंही विचारून घेतलं. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून मी स्वयंपाकघरात चिकटवल्या आणि ढोलकी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. रविवारी गेले तर ढोलकी मांडीवर. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणले, जोरात वाजवू नका. हळू वाजवू नका असं न्हाई म्हणले. मी दोनदा विचारलं." हे खरं होतं, कारण मी सोबत होते. मग ते शेवटचं वर्ष त्या फक्त बोटांनी वाजवत राहिल्या, आणि आम्हा सगळ्यांना त्यांच्या आवाजाखाली यावं लागलं. तो आमच्या मंडळाचा सर्वांत चांगला काळ होता. बोलावणी परत येऊ लागली होती. पण आक्कांच्या मनात तेच खुपत होतं, जे त्या शेवटच्या रविवारी बोलल्या: हा हळूपणा यांचा आहे, का माझ्या हाताचा?

आक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात आम्ही वाजवलं नाही. कुणाची हिंमत झाली नाही. नामकरण पुढं ढकलावं का, असा विषय निघाला तेव्हा प्रज्ञाच म्हणाली, "आज्जीनं पाळण्याचं कडवं माझ्या लेकीसाठी बसवलंय. तुम्ही येणार नसाल तर मी मोबाइलवर लावते कायतरी." मंगल उसळली. "मोबाइलवर? बाई वर उठून बसतील!" म्हणजे ठरलं. ढोलकी कुणी वाजवायची यावर बराच खल झाला. परळीतला एक चांगला वादक मिळत होता, एकीनं यंत्रावरचा ठेका सुचवला. शेवटी ढोलकी न्यायचीच नाही, असं ठरलं. पेटी, आमचे गळे आणि तळहातावर दोन बोटांनी ठेका. आता सगळा भार माझ्या भात्यावर होता.

परळीत मांडव छोटा, रेल्वेचे रूळ जवळ. कढया उतरत होत्या, वाढपी ओरडत होते. आम्ही सुरू केलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी मी सवयीनं डावीकडं पाहिलं. तिथं हात नव्हता... आणि माझा भाता भीतीनं जोरात पडू लागला. मला कळत होतं, पण आवरेना. तेवढ्यात एक गोष्ट झाली जी मी कुठल्याच यादीत लिहिली नसती. मंगलनं, बांधावरून शिवार उठवणाऱ्या मंगलनं, आपला आवाज खाली आणला. एवढा खाली की तिला ऐकायला मला भाता हलका करावा लागला. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती पाळण्यातल्या पोरीकडं बघत होती आणि तिला एकटीला सांगितल्यासारखं सांगत होती की बाहेर ऊन आहे, तू सावलीत झोप. वाढप्यांचा आवाज थांबला. आणि नेमका तेव्हाच कोळशाच्या गाडीचा भोंगा झाला. पूर्वी आम्ही त्याच्या वर गेलो असतो, नक्की. या वेळी कुणीच गेलं नाही. मंगलनं शब्द हातात धरून ठेवला, मी त्याखाली एक सूर, जेमतेम ऐकू येईल असा. डब्यांमागून डबे गेले. गाडी लांबच लांब होती. सगळा मांडव आमच्याबरोबर थांबला होता, कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. गाडी गेली आणि मंगलनं तो शब्द पुरा केला, होता त्याच आवाजात, होता त्याच लयीत.

नंतर जेवताना प्रज्ञा लेकीला घेऊन आली. "झोपली न्हाई मंगलमावशी, पण रडलीबी न्हाई. टकमक बघत व्हती." मंगल वरणभात कालवत म्हणाली, "पणजीवर गेलीय. समदा कार्यक्रम तपासून झाल्यावरच झोपणार." शेजारी बसलेले एक आजोबा मला म्हणाले, "पेटीवाल्या बाई, आवाज लई कमी होता बघा तुमचा. मला पार पुढं येऊन बसावं लागलं." मी म्हटलं, "मग चांगलं झालं की." ते म्हणाले, "हां, झालं तर चांगलंच."

आम्ही अजूनही रविवारी आक्कांच्या पुढच्या खोलीतच बसतो. भाऊजींनीच तसं सांगितलं. आक्कांची एक सवय तिथं तशीच चालू आहे. त्यांच्या घरापलीकडं पिठाची गिरणी आहे. सुरू करण्याआधी त्या आम्हाला गप्प बसवायच्या, गिरणीचा आवाज कानात येईपर्यंत, आणि मग म्हणायच्या, गाणं चालू असताना गिरणी ऐकू आली पाहिजे, ऐकू येईनाशी झाली की समजा आपण चढलो. गेल्या रविवारी आम्ही तशाच बसलो, सुरू केलं, आणि मधेच मंगलनं हात वर केला. गिरणी ऐकू येत नव्हती. आम्ही आवाज खाली आणला, तरी येईना. आणखी खाली... तरी नाही. मंगल चप्पल घालून बघायला गेली आणि दारातूनच हसत परत आली. "लाइट गेलीय! गिरणीवाला बाहेर बाजंवर बसलाय. म्हणतोय, तुमचं चालू द्या, मला मस्त ऐकू यायलंय." सगळ्या हसत सुटल्या. मग एक नवी बाई म्हणाली, "पण आता मापाला काय? किती हळू म्हणायचं ते कसं कळायचं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण अशा व्यवस्था मी लावते. पंखा बंद होता, खोलीत गरम होत होतं, मंगल खाली बसून घाम पुसत होती. मी भाता थोडा सोडला, आम्ही एकमेकींचे श्वास ऐकले, आणि दुसऱ्या कडव्यापासून परत सुरू केलं.